उत्तर कोलकात्यात, संदेशाच्या वाटेनं

कोलकात्यात कुठे खावं असं कुणी विचारलं, की मी आधी विचारतो, किती वाजता? हे शहर घड्याळाच्या हिशेबानं खातं. सकाळी सहाला तिरेट्टा बाजारात चिनी न्याहारी मिळते, नवाच्या सुमाराला तिथे फक्त भाजीवाले उरतात. उत्तरेकडच्या गल्ल्यांतली कचोरी आणि बटाट्याचा रस्सा सकाळचाच. दुपारी बाराला पाइस हॉटेलात केळीच्या पानावर भात पडतो आणि अडीच-तीनला गेलं तर चांगला मासा संपलेला असतो. चारनंतर तेलेभाजा, म्हणजे भजी, चॉप, कटलेट. प्रसिद्ध ठिकाणांची यादी खिशात घालून टॅक्सीनं शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावणाऱ्याच्या वाट्याला निम्म्या ठिकाणी रिकामी परातच येते. त्यापेक्षा एक पाडा निवडावा, सकाळी तिथे उतरावं आणि संध्याकाळपर्यंत पायी हिंडावं. गेली अनेक वर्षं मी हे शहर असंच पाहत आलो आहे.

पाडा म्हणजे मोहल्ला, पण नुसती घरांची वस्ती नव्हे. पाड्याचा क्लब असतो, पाड्याची दुर्गापूजा असते, एखादं जुनं वाचनालय असतं, घराघरांपुढे बसायचे ओटे असतात आणि त्यांवर संध्याकाळी गप्पांचा अड्डा जमतो. आणि मिठाईचं एक दुकान असतंच असतं. हे दुकान पाड्यात का असतं, एखाद्या मोठ्या पेठेत सगळी एकत्र का नसतात, याचं उत्तर मला दुधात सापडलं. छाना, म्हणजे फाडलेल्या दुधाचा गोळा, टिकत नाही. दमट हवेत सकाळी काढलेला छाना संध्याकाळी आंबूस होतो आणि त्याच्या नरम मिठाईला फार तर दुसरा दिवस पाहता येतो. मिठाई गिऱ्हाइकाच्या दारातच व्हायला हवी, रोज व्हायला हवी, आणि त्याच दिवशी संपायला हवी. म्हणून गल्लीगल्लीत मयरा, म्हणजे हलवाई, ठाण मांडून बसला. कोलकात्याच्या खाण्याचा नकाशा असा नाशवंतपणानं आखला आहे, असं माझं ठाम मत आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. सुतानुटी, कलिकाता आणि गोविंदपूर या तीन गावांच्या जागी इंग्रजांचं ठाणं सतराव्या शतकाच्या अखेरीस वसलं. ते पुढे राजधानी झालं आणि राजधानी दिल्लीला हलवण्याची घोषणा १९११ साली झाली. मैदानाच्या आसपास गोऱ्यांची वस्ती, उत्तरेला एतद्देशीयांची. सुतानुटीचं जे उत्तर कोलकाता झालं तिथे शोभाबाजार, बागबाजार, हातीबागान, सिमला हे पाडे आहेत. धनिक घराण्यांचे वाडे इथे उठले आणि त्यांच्या पूजांना, लग्नांना, श्राद्धांना मिठाई लागली. ट्राम १८७३ साली घोड्यांवर सुरू झाली, देशातली पहिली मेट्रो १९८४ साली कोलकात्यातच धावली. त्याच मेट्रोनं शोभाबाजारला उतरायचं आणि चालायला लागायचं.

आता संदेशाकडे, म्हणजे छान्याच्या मिठाईकडे, वळतो.

आपल्याकडे दूध आटवायचं असतं. बासुंदी, पेढा, खव्याची पोळी, सगळं आटीव दुधाचं. दही लावून, टांगून चक्का काढला तर श्रीखंड. दूध नासलं तर मात्र घरातली बाई हळहळते आणि साखर घालून त्याच्या वड्या थापून वेळ निभावून नेते. बंगाल्यानं नासवलेल्या दुधालाच मानाचं पान वाढलं. दूध मुद्दाम फाडणं अशुभ, अशी समजूत उत्तर भारतात पुष्कळ ठिकाणी होती. हुगळीच्या काठावर चीज करणाऱ्या पोर्तुगीजांमुळे बंगालात ती सैल झाली, असं बरेच अभ्यासक मानतात. काहींना ते मान्य नाही. त्याच काठावरच्या बांडेलचं धुरकट, खारट चीज आजही न्यू मार्केटमध्ये चकत्यांच्या रूपात मिळतं. ते चाखल्यावर पोर्तुगीजांची गोष्ट मला तरी पटते.

छाना गाईच्या दुधाचाच हवा. म्हशीच्या दुधाचा रवाळ आणि घट्ट होतो, मिठाईला लोण्यासारखा मऊपणा येत नाही. आपला पेढा म्हशीच्या दुधावर खुलतो, संदेश गाईच्या. दूध उकळून थोडं निवू द्यायचं आणि आदल्या दिवशीच्या आंबट निवळीनं फाडायचं. ही निवळी जपून ठेवलेली असते. लिंबू पिळलं तर छाना चरचरीत होतो, असं एका कारागिरानं मला सांगितलं. मग कापडात बांधून टांगायचं. पनीरसारखं वजनाखाली दाबायचं नाही, पाणी आपोआप गळू द्यायचं.

उत्तर कोलकात्यातल्या एका जुन्या दुकानाच्या मागच्या खोलीत मला उभं राहू दिलं होतं, तेव्हा पुढचं सगळं हाताच्या अंतरावरून पाहिलं. साठीच्या आसपासचा कारागीर, अंगात बंडी, खांद्यावर गमछा. त्यानं छाना लाकडी परातीत घेतला आणि तळहाताच्या टाचेनं पुढे रेटत मळायला लागला. दाणा मोडून चोपडं होईपर्यंत हात थांबला नाही. मग पितळी कढईत छाना आणि साखर, खाली मंद आच, हातात लांब दांड्याचा लाकडी उलथणा. "दादा, झालं हे कसं कळतं?" मी विचारलं. त्यानं उलथण्यावरचा गोळा चिमटीत घेतला, दोन बोटांत दाबला आणि माझ्यापुढे धरला. बोटाला चिकटत नव्हता, पण ओल होती. "हा नरम पाक," तो म्हणाला. निम्मी कढई त्यानं तिथेच उतरवली. उरलेली पुन्हा आचेवर ठेवली आणि थोड्याच वेळानं उतरवली तेव्हा गोळ्याचा रंग किंचित पिवळसर झाला होता, वासही बदलला होता. तो कडा पाक. एकाच छान्याचे, एकाच कढईतले हे दोन पदार्थ, आणि मधे अंतर फक्त आचेवरच्या काही मिनिटांचं. वेलची नाही, केशर नाही. चांगल्या संदेशाला त्यांची गरज नसते.

कडा पाक साच्यात दाबतात. हे साचे पाहण्यासाठी रवींद्र सरणीवरच्या नूतन बाजारात जायलाच हवं. लाकडात कोरलेले शंख, मासे, आंबे, पानं, फुलपाखरं टोपल्यांत भरून ठेवलेले असतात. खोदकाम उलटं असल्यामुळे हातात घेऊन बोट फिरवल्याशिवाय आकार नीट उमगत नाही. माझ्या पत्नीनं तिथून शंखाचा साचा घेतला. आमच्या घरी त्यात आता खोबऱ्याच्या वड्या पडतात.

संदेशाची दुकानं सांगायची तर पहिलं नाव नकुडचं. गिरीशचंद्र दे आणि नकुडचंद्र नंदी असं पूर्ण नाव, स्थापना १८४४, पत्ता रामदुलाल सरकार स्ट्रीट, हेदुआच्या तळ्याजवळ. इथे भर संदेशावर. जुन्या पद्धतीचा कडा पाक, आतून गुलाबपाण्याचा किंवा गुळाचा पातळ थेंब सुटणारा जलभरा आणि हल्लीच्या पोरांसाठी चॉकलेटचेही प्रकार. मी चॉकलेटच्या वाटेला जात नाही. बसायला जागा नाही, उभ्यानंच खायचं. या पाड्याची कुंडली मोठी आहे. बेथून कॉलेज हे मुलींचं देशातलं पहिलं कॉलेज इथलंच. स्कॉटिश चर्च कॉलेज शेजारी, विवेकानंदांचं जन्मघर चालत काही मिनिटांवर. मन्ना डे याच भागात वाढले आणि स्कॉटिश चर्चमध्येच शिकले. मराठी गाणी इतक्या स्वच्छ उच्चारांत गाणाऱ्या या माणसाच्या गल्लीतून जाताना मला आपल्याच गावात असल्यासारखं वाटतं.

दुसरं नाव बहूबाजारच्या भीमचंद्र नागांचं. सर आशुतोष मुखर्जी, कोलकाता विद्यापीठाचे दरारा असलेले कुलगुरू, भीम नागांच्या संदेशाचे भक्त होते आणि त्यांच्या नावाचा 'आशुभोग' इथे मिळतो. दुकानातलं घड्याळ जरूर पाहावं. कुक अँड केल्व्ही या इंग्रज कंपनीचं हे घड्याळ, पण तबकडीवरचे आकडे बंगाली. दुकानात घड्याळ नाही हे पाहून कंपनीच्या साहेबानं ते देऊ केलं, आणि नोकरांना इंग्रजी आकडे कळत नाहीत म्हणून दुकानदारानं बंगाली आकड्यांचं मागितलं, अशी हकिकत सांगतात. लेडीकेनी इथलीच, असं मानतात. गव्हर्नर जनरल कॅनिंगची पत्नी शार्लट १८६१ साली कोलकात्यातच वारली. तिच्या नावानं छान्याचा तळून पाकात टाकलेला गोळा अजून रोज विकला जातो. तिच्या नवऱ्याची आठवण इतिहासाच्या पुस्तकात आहे, तिची मात्र कढईत. यातली दुसरी मला जास्त मोलाची वाटते.

या मिठाईवर एकदा सरकारचा घाला पडला होता. दुधाची टंचाई होती, लहान मुलांना दूध मिळेना, म्हणून १९६५ साली प्रफुल्लचंद्र सेन यांच्या सरकारनं छान्याच्या मिठाईवर बंदी घातली. हेतू चांगला होता. पण ज्या शहरात पाहुण्याच्या हातात संदेशाचा पुडा नसेल तर दार उघडणाऱ्याचा चेहरा पडतो, तिथे हे कसं चालावं? कारागिरांची चूल विझली, लोक चिडले. १९६७ च्या निवडणुकीत सेन स्वतः पराभूत झाले. पराभवाला अन्नटंचाईसारखी फार मोठी कारणं होती, तरी जुने लोक छान्याचं नाव घेतल्याशिवाय ती गोष्ट पुरी करत नाहीत.

उत्तरेला आणखी वर, गंगेकाठी बागबाजार. नवीनचंद्र दास यांनी १८६८ साली इथे स्पंजासारखा रसगुल्ला केला. रसगुल्ला कुणाचा या बंगाल-ओडिशाच्या वादात मी पडत नाही. बंगालच्या रसगुल्ल्याला २०१७ साली आणि ओडिशाच्या रसगोल्याला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. दोघंही आपापल्या जागी योग्य आहेत, कारण दोन्ही पदार्थ चवीला आणि पोताला खरोखर वेगळे आहेत.

बागबाजारात मराठी माणसानं थांबावं अशी आणखी एक जागा आहे, मराठा डिच लेन. १७४२ साली नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा भास्करपंत कोल्हटकरांच्या हाताखाली बंगालात शिरल्या, तेव्हा कोलकात्याच्या रहिवाशांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला. सुमारे तीन मैल खणून झाला, मराठे कोलकात्यापर्यंत आलेच नाहीत आणि काम अर्धवट राहिलं. अठराव्या शतकाच्या अखेरीस तो बुजवून त्यावरून सर्क्युलर रोड गेला. आज त्या रस्त्यावर बसमध्ये बसलेला माणूस आपल्या पूर्वजांच्या धास्तीवरून प्रवास करत असतो. बंगाली आया 'बर्गी' येतील म्हणून मुलांना झोपवत, आणि ते बर्गी म्हणजे आपले बारगीर. गावं जाळली गेली, लूट झाली, हे बंगालनं विसरलेलं नाही आणि आपणही ते मान्य करावं. त्याच बंगालात पुढे देवघरला जन्मलेल्या सखाराम गणेश देऊस्करांनी 'देशेर कथा' हे पुस्तक बंगालीत लिहिलं. ते इतकं पेटवणारं होतं की इंग्रजांनी १९१० साली त्यावर बंदी घातली. शिवाजी उत्सव बंगालात रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा, आणि रवींद्रनाथांची शिवाजीवरची कविता त्याच निमित्तानं जन्मली. पु. ल. देशपांडे तर पन्नाशी ओलांडल्यावर शांतिनिकेतनात जाऊन बंगाली शिकले. खंदकापासून पुलंच्या 'वंगचित्रे'पर्यंतचा हा प्रवास मला त्या अरुंद गल्लीत उभं राहून नेहमी मनाशी मोजावासा वाटतो.

संदेशाचा खरा हंगाम थंडीत. नोव्हेंबरअखेर दुकानांवर 'नलेन गूड' अशा पाट्या लागतात. नलेन गूड म्हणजे खजुरीच्या झाडाचा नवा गूळ. हे झाड आपली शिंदीच, आपण तिची नीरा पितो, ताडी काढतो. बंगालात शिउली, म्हणजे रस काढणारा, संध्याकाळी कमरेला दोर बांधून झाडावर चढतो, सोलून ठेवलेल्या जागी पातळ काप देतो आणि मडकं बांधतो. थंडी जितकी कडक तितका रस निवळ. पहाटे ऊन चढायच्या आत मडकी उतरवावी लागतात, नाहीतर रस आंबायला लागतो. झाडाला मधे काही दिवस विश्रांती देतात, आणि विश्रांतीनंतरच्या पहिल्या रसाचा गूळ सगळ्यांत वासाचा. पसरट कढईत तो तासन्तास उकळतो. ढवळणाऱ्याचं लक्ष जरा ढळलं की करपट वास कायमचा लागतो.

हे कसब किती नाजूक, ते पाहायचं असेल तर १९७३ चा 'सौदागर' पाहावा. नरेंद्रनाथ मित्रांच्या 'रस' या कथेवरचा सिनेमा. आपली नूतन त्यात गूळ करणारी माजुबी आहे, अमिताभ रस काढणारा मोती. माजुबीच्या हाताला चव म्हणून तो तिच्याशी लग्न करतो, पैसे साठले की तिला सोडून देखणी बायको आणतो आणि गुळाची चव जाते. इतका सगळा नाट्यसंघर्ष एका कढईभोवती फिरवणारा दुसरा हिंदी सिनेमा मला आठवत नाही. नूतन ज्या मायेनं रस ढवळते ते पाहिल्यावर डिसेंबरातला गुळाचा संदेश तोंडात टाकताना घाई होत नाही. त्याच दिवसांत जयनगरचा मोआही घ्यावा. कनकचूर तांदळाच्या लाह्या आणि हाच गूळ, २०१५ पासून त्यालाही मानांकन आहे.

बाकीच्या पाड्यांविषयी आता भराभर.

कॉलेज स्ट्रीटला दुपारी जावं. पुस्तकांच्या दुकानांमधून भवानी दत्त लेनमध्ये शिरलं की स्वाधीन भारत हिंदू हॉटेल. सुभाषबाबू प्रेसिडेन्सीत शिकत असताना इथे जेवत, असं सांगतात. एका पैशाला जेवण मिळे त्या काळापासूनची ही पाइस हॉटेलं म्हणजे बंगाली खाणावळच. फळ्यावर खडूनं त्या दिवशीचे मासे लिहिलेले असतात. केळीच्या पानाचे वेगळे पैसे, लिंबाचे वेगळे. वाढपी काय काय वाढलं ते पाठ करून गल्ल्यावर एका दमात ओरडून सांगतो आणि तो हिशेब चुकलेला मी पाहिलेला नाही. जेवण क्रमानं करावं. आधी कडवट शुक्तो, मग डाळ आणि भाजी, मग मासा, शेवटी चटणी. सगळं एकदम कालवून घेऊ नये. न्यू मार्केटमागे जानबाजारकडच्या सिद्धेश्वरी आश्रमातलं कच्च्या पपईचं, हलकं कविराजी झोल पोट बिघडलेल्या प्रवाशालाही चालतं. जेवणानंतर परत कॉलेज स्ट्रीटकडच्या पॅरामाउंटमध्ये शहाळ्याचं सरबत. १९१८ सालचं हे दुकान, आणि हे सरबत आचार्य प्रफुल्लचंद्र रायांच्या सांगण्यावरून सुरू झालं. कॉफी हाउसमध्ये कॉफी यथातथाच, पण ते १९५८ पासून कामगारांची सहकारी संस्था चालवते, आणि तिथे दोन तास बसलं तरी कुणी उठवत नाही.

तिरेट्टा बाजार व्हेनिसहून आलेल्या एडवर्ड तिरेट्टाच्या नावाचा, वस्ती चिन्यांची. रविवारी पहाटे रस्त्यावर वाफाळणारे बाओ, माशाच्या गोळ्यांचं सूप. विकणारी म्हातारी अस्खलित बंगालीत सुट्टे मागते. १९६२ च्या युद्धानंतर या चिन्यांपैकी कित्येकांना राजस्थानात देवळीच्या छावणीत डांबलं गेलं, पुष्कळ जण पुढे कॅनडाला गेले. आपण ज्याला चायनीज म्हणतो त्याचं मूळ या वस्तीत आणि टँग्रातल्या दुसऱ्या चिनी वस्तीत आहे. चिकन मंचुरियन मुंबईत घडवणारे नेल्सन वाँग कोलकात्यातच जन्मलेले.

चितपूरला बिर्याणीत बटाटा मिळतो. अवधचा नवाब वाजिद अली शाह राज्य गमावून १८५६ साली कोलकात्याच्या मटियाबुर्जला आला, १८८७ साली तिथेच वारला, त्याचे आचारी शहरात पसरले. मांस परवडेना म्हणून बटाटा घातला, ही लाडकी गोष्ट मला पटत नाही. त्या काळी बटाटा नवलाईचा होता, आणि मसाल्याचा रस पिऊन तो जसा मऊ होतो ते पाहता कुणा जाणत्या आचाऱ्यानं तो आवडीनंच घातला असणार. न्यू मार्केटमधली नाहुमची बेकरी १९०२ ची, बगदादी ज्यूंची. शहरात ज्यू कुटुंबं आता बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत, पण नाताळात प्लम केकसाठी सगळ्या धर्मांचे लोक रांगेत उभे असतात.

जाणाऱ्यांसाठी शेवटची सूचना. डिसेंबर-जानेवारीत जावं. मुक्काम शक्यतो मध्य किंवा उत्तर भागात करावा, म्हणजे सकाळ वाया जात नाही. उत्तर कोलकात्यातली बरीच दुकानं दुपारी मिटतात, संदेश सकाळी अकराच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर घ्यावा. नुकताच मळलेला, साच्यात न घातलेला 'माखा संदेश' दिसला तर पुडी बांधून न घेता द्रोणात घेऊन दारातच संपवावा, तो संध्याकाळपर्यंत थांबत नाही. नरम पाक त्याच दिवशी संपवावा. घरच्यांसाठी न्यायचा तो कडा पाक, नीट बांधून घेतलेला. तो तीन दिवस टिकतो, आणि हावड्याहून मुंबईला पोहोचणाऱ्या गीतांजली एक्स्प्रेसला दीड दिवसाच्या आत-बाहेर लागतो. घरी पोहोचलात की पुडा उघडायचा आणि बायकामुलांना, शेजाऱ्यांना त्याच दिवशी वाटून टाकायचा. फ्रीजमध्ये ठेवू नये, दाणा कडक होतो.